मोस्यूचे कान

श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न

मंगळवार पेठ, सोलापूर
२७ जानेवारी १९७५

चि. ईश्वरभाऊजी यांस वहिनीचे आशीर्वाद.

पत्रास कारण की, असं लिहायला बसले होते. पण ते कारण इथं घाण्याशेजारी पाय पसरून पडलंय आणि तुम्ही गेल्यापासून रडतंय. त्याच्या रडण्यानं मलाही एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिते की उठते.

कोइमतूरच्या गिरणीत पोचलात का, खोली मिळाली का, जेवणाचं काय, एवढं कळवायला तुमचा हात झिजला नसता. भांडण अण्णांशी, तुमच्या भावाशी झालं, माझ्याशी नाही. तुम्हाला विजेचं यंत्र बसवायचं होतं, तुमच्या अण्णांना बैलाचाच घाणा ठेवायचा होता. 'घाण्याला हात लावायचा तर आधी घर सोड,' असं ते म्हणाले ते चुकलंच. पण तुम्ही लगेच ट्रंक उचललीत! या घरात एकानं बोलावं आणि दुसऱ्यानं ऐकावं असं आजवर कधी झालं नाही. नेमकं त्याच दिवशी तुम्हाला ऐकू आलं.

सहा वर्षं पाँडिचेरीच्या गिरणीत काढून आलात आणि आणलंत काय, तर हे ध्यान. तिथला साहेब फ्रान्सला परत जाताना तुमच्या गळ्यात बांधून गेला आणि तुम्ही आमच्या. खाटेएवढा लांब, पाय वीतभर, कान भुईला टेकलेले, आणि डोळे असे की आत्ताच कुणाच्या तरी मयताला जाऊन आलाय. गल्लीतली पोरं दारात गर्दी करतात. मोस्यू हे नाव कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून त्याचा 'मोशा' झालाय. तुमचे अण्णा त्याच्याकडे बघून म्हणाले, "ह्याला घडवताना देवाकडलं पायाचं लाकूड सरलं व्हतं की काय?" त्यानंतर दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसले.

तुम्ही स्टेशनावर सांगितलेलं सगळं माझ्या ध्यानात आहे. ही बासे नावाची कुत्र्यांची जात, सशामागं टोळीनं धावणारी. म्हणून त्याला एकटं ठेवायचं नाही. पाठ लांब, म्हणून पायऱ्यांवरून उडी मारू द्यायची नाही, उचलताना एक हात छातीखाली आणि एक ढुंगणाखाली. भूक कधी भागत नाही, तेव्हा मागेल तेवढं द्यायचं नाही. नाकाला वास लागला की हाक ऐकत नाही, म्हणून दोरी सोडायची नाही. आणि कान स्वच्छ ठेवायचे. सगळं करीन. मला मूल नाही, पण तुम्हाला वाढवलंय. याचं काय मोठंसं?

हे मंद्रूपच्या बाजाराला करडई बघायला गेलेत. त्यांच्यासमोर तुमचं नाव काढता येत नाही. बैलगाडी वाजली, थांबते.

— महानंदा वहिनी


सोलापूर
१८ मार्च १९७५

ईश्वरभाऊजी,

कार्ड मिळालं. 'मोस्यू कसा आहे? कान बघता ना?' एवढंच! वहिनी मेली की जिवंत, याची चौकशी पुढच्या कार्डावर करणार असाल.

मोस्यू मजेत आहे. सकाळी बसव्याला घाण्याला जुंपला की हा उठतो आणि बैलाच्या मागं फिरायला लागतो. बैलाच्या डोळ्यांना झापड, याचे डोळे कातडीच्या घड्यांत बुडालेले, दोघंही गोल गोल. बैल थांबला की हा थांबतो. गल्लीतल्या गुरम्माकाकू तेल न्यायला आल्या आणि भांडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अय्यो, नागप्पानं घाण्याला दुसरं जनावर लावलं की गं!" तुमचे अण्णा चिडले. पण दुसऱ्या दिवशी याला उठायला उशीर झाला तर बैल जुंपून उगाच घाण्याची लाकडी लाट तपासत बसले. हा आला, मग बैल हाकला.

तुम्ही शिकवलेलं 'आसी' म्हणून पाहिलं. फ्रेंचमध्ये बस म्हणजे आसी ना? हातात भाकरी असली की बसतो. नसली की माझ्याकडे बघतो आणि निघून जातो. त्याला फ्रेंच येतं की नाही मला ठाऊक नाही, भाकरी चांगली येते. जेवताना कान दुधात पडतात म्हणून जुन्या चादरीचा काठ फाडून त्याची कानटोपी बांधते. ती बांधली की तो तुमच्या आजीसारखा दिसतो, असं हे म्हणाले. हसत नव्हते, पण म्हणाले.

अंगणात उतरायच्या पायऱ्यांवर एक फळी आली आहे. जुन्या घाण्याचं लाकूड तासून यांनी केली. मी विचारलं तर म्हणाले, "पोती वडायला." तेव्हापासून फळीवरून एकही पोतं ओढलेलं मी पाहिलं नाही. मोस्यू तीवरून ऐटीत उतरतो.

आणि कानांची काळजी तुम्ही करूच नका. तेल्याच्या घरात कानाला काय कमी? दर शनिवारी लसणाची पाकळी घालून कोमट केलेलं ताजं तेल, आधी तुमच्या अण्णांच्या कानात, मग त्याच्या. हे काम ते स्वतः करतात, मला हात लावू देत नाहीत. कान उचलतात, तेल सोडतात, कान मिटून वरून चोळतात. लहानपणी तुमच्याही कानात असंच घालत होतो आणि तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंत बोंब मारत पळायचात. हा गुणाचा आहे, पळत नाही. नुसता उसासा टाकतो.

घरी कधी येता ते लिहा. कुत्र्याचं विचारता तसं एकदा घराचंही विचारा.

— वहिनी


सोलापूर
२ ऑगस्ट १९७५

ईश्वरभाऊजी,

उन्हाळ्यात पत्र लिहायला हातच धजला नाही. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. थंड मुलखातलं हे जनावर, जीभ बाहेर काढून असं धापा टाकायचं की माझाच श्वास कोंडायचा. दुपारभर ओलं पोतं अंथरून त्यावर निजवत होते. पोतं वाळलं की भिजवायचं, वाळलं की भिजवायचं. माठाखालची ओली जागा त्याला दिली आणि माठ हलवला. निभावलं कसंबसं.

आता एक गंमत ऐका. मागल्या आठवड्यात हे मंद्रूपला निघाले तर मोस्यू गाडीखाली जाऊन बसला, निघेना. नेलं त्याला. तिथं एका शेताच्या बांधाशी यांनी दोरी सोडली. सोडायची नाही म्हणून बजावलं होतं, पण सांगणार कोणाला? नाक भुईला लागलं आणि याचं सगळं अंगच बदललं म्हणे. शेपटी उभी, आणि गळ्यातून असा आवाज की रानातली माणसं कामं टाकून बघायला लागली. ससा उठला होता. पुढं ससा, मागं मोस्यू, त्याच्या मागं तुमचे अण्णा, धोतर एका हातात, ओरडत, "सोड त्याला, पाप लागंल! ए लांब्या! आपण लिंगायत हाय रं!"

त्याला काय, तो फ्रान्सचा. ससा वाचला, कारण याचे पाय वीतभर. याची जात पळून धरणारी नाही, थकवून धरणारी. माग सोडत नाही, म्हणून ससाच दमतो. ते अर्धा कोस रान तुडवून याला उचलून घेऊन आले. दोघांना मी अंगणातच आंघोळ घातली. जेवताना ते म्हणाले, "धरला की सोडत न्हाय, ते काय खोटं न्हाय." मग बराच वेळ भाकरी मोडत बसले. मला ठाऊक आहे ते कुणाचा विचार करत होते. त्यांच्या धाकट्या भावाचाही हाच गुण आहे.

पेंड खाऊन पोट थोडं सुटलंय. मी देत नाही. घाण्यापाशी बसून कोण देतं ते मी पाहिलेलं नाही, असं मी ठरवलंय.

हल्ली मान सारखी झटकतो. पावसाळ्याच्या माश्या असतील. तेल आता शनिवारबरोबर बुधवारीही घालतात.

तुमच्या कार्डाची वाट बघते. दारावर सायकलची घंटा वाजली की उठते, परत बसते. माझं हे असं चाललंय.

— वहिनी


सोलापूर
११ ऑक्टोबर १९७५

ईश्वरभाऊजी,

कार्ड वाचलं. गिरणीनं खोली दिली याचा आनंद झाला. पुढचं मात्र दोनदा वाचलं.

तुमचा कुणी सोबती सुट्टीवर सोलापूरवरून जाणार, त्याच्या हाती मोस्यूला द्या, असं लिहिता? मी देणार नाही. आगगाडीत उकडतं. परक्या माणसाला त्याला उचलायचं कळणार नाही, पाठ मोडेल. शिवाय सध्या तो हाक मारली तरी येत नाही, तोंडासमोर जाऊन उभं राहावं लागतं. ही जात हट्टी म्हणून तुम्हीच सांगितलं होतं, तो हट्ट वाढलाय.

ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही. खरं कारण लिहून टाकते. कुत्रा गेला तर तुम्ही कार्डही पाठवणार नाही. तो इथं आहे तोवर तुमचा एक पाय या उंबऱ्यात आहे. म्हणून देणार नाही. न्यायचा असेल तर स्वतः या, दारातून आत या, भावासमोर उभे राहा आणि न्या. मग मी आडवी येणार नाही.

तुमच्या सोबत्याला पाठवलंत तर त्याला जेवायला घालीन आणि रिकाम्या हातानं परत पाठवीन.

— महानंदा


सोलापूर
६ नोव्हेंबर १९७५

ईश्वरभाऊजी,

दिवाळी झाली. चकल्या केल्या, यांनी एक खाऊन ठेवून दिली. तुमच्या वाटणीच्या डब्यात घालून ठेवल्यात, मऊ पडतील.

मोस्यू मात्र धीट झाला हो! गेल्या जानेवारीत, तुम्ही इथं होता तेव्हा, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या दारूकामाला घाबरून तो तुमच्या अंथरुणात शिरला होता, आठवतं ना? यंदा गल्लीतल्या पोरांनी त्याच्या शेजारी लवंगी माळ लावली. हा झोपला होता. माळ संपली तरी झोपलेलाच. गुरम्माकाकू म्हणाल्या, "शाणा झाला की." मीही म्हटलं, शहाणा झाला.

तुमचे अण्णा मात्र त्याच्या डोक्यामागं उभे राहिले आणि टाळी वाजवली. मग पत्र्याचा डबा आपटला. मग घरात आले आणि तेलाची वाटी घेऊन बाहेर गेले.

आज इतकंच. मन लागत नाही.

— वहिनी


सोलापूर
९ डिसेंबर १९७५

ईश्वरभाऊजी,

तुम्ही विचारलंत, दिवाळीच्या पत्रात वहिनी असं अर्धवट का लिहिते. तुम्ही लहानपणी पडलात की आधी हसायचात आणि मग रक्त दाखवायचात. मीही तेच करत होते.

मोस्यूला ऐकू येत नाही.

दिवाळीनंतर कानाला वास यायला लागला. हात लावू देईना, डोकं भिंतीला घासायचा. मी म्हटलं दवाखान्यात नेऊ या, तर हे म्हणाले, "बैलांचा डाक्टर तो, त्याला ह्यातलं काय कळतंय?" आणि तेच सकाळी तेलाच्या डब्यांच्या हातगाडीवर गोधडी अंथरून, त्याला निजवून, स्वतः ढकलत घेऊन गेले. मी मागं चालत होते.

डॉक्टरांनी कान उलटा केला आणि तोंड बाजूला फिरवलं. म्हणाले, "कानात काय घालता?"

हे छाती काढून म्हणाले, "घरचं करडईचं. लसूण घालून. एक थेंब भेसळ सापडायची न्हाय."

डॉक्टर चांगला माणूस आहे, ओरडला नाही. त्यानं यांचं बोट धरून त्या कानाखाली लावलं. "कसं लागतंय? गरम आणि ओलं ना? एवढा जड कान, आत वाराच जात नाही. असा कान कोरडा ठेवायचा असतो, नागप्पा. तुम्ही वर्षभर त्यात तेल कोंडलंत. आत सगळं सडलंय." औषध दिलं. दुखणं थांबेल म्हणाले. ऐकणं परत यायचं नाही.

भाऊजी, तुम्ही म्हणालात कान स्वच्छ ठेवा. आमच्या घरात मूल जन्मलं की तेल, माणूस मेलं की तेल, देवाला तेल, दाराच्या बिजागरीला तेल. स्वच्छ ठेवा म्हणजे दुसरं काय, हे आम्हाला सुचलंच नाही. कुणाला बोल लावू? आपलेच दात आणि आपलेच ओठ. हट्ट वाढला म्हणून मी त्याला दोनदा रागावलेही. तो बिचारा माझं तोंड हलताना बघत होता.

त्या शनिवारी यांनी स्वतःच्या डोक्यालाही तेल लावलं नाही. तेल्याचा माणूस कोरड्या डोक्यानं घाण्यावर बसला, मला बघवेना. "दुसऱ्याची ठेव आपल्या हातानं नासली," एवढंच रात्री जेवताना म्हणाले. ठेव म्हणाले, कुत्रं नाही.

आता रोज दुपारी घाणा थांबवतात. दारात वरच्या पायरीवर बसतात, मोस्यूला दोन्ही पायांच्या मध्ये घेतात, कापसानं कान कोरडे करतात आणि मग दोन्ही हातांनी दोन्ही कान वर धरून बसतात. वारा दाखवतात कानाला. अर्धा अर्धा तास. हात भरून येतात, पण सोडत नाहीत. येणारेजाणारे हसतात. यांना त्यांचं हसणं दिसत नाही.

तुम्ही रागावणार हे मला माहीत आहे. रागवा. पण रागवायला इथं या.

— वहिनी


सोलापूर
१५ जानेवारी १९७६, किंक्रांत

ईश्वर,

आज अहोजाहो करणार नाही. तुला मिसरूड फुटलं तेव्हापासून मी 'तुम्ही' म्हणायला लागले, ते आज बाजूला ठेवते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुझे पुढचे दात पडलेले होते आणि तुझं शेंबडं नाक मी माझ्या शालूच्या पदरानं पुसलंय.

तू काल आला होतास. नाही म्हणू नकोस. माझ्यापुढं तुझं खोटं चालून जाईल, त्याच्या नाकापुढं चालायचं नाही.

काल संक्रांत, सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता. सगळं गाव देवळाकडं लोटलं होतं. आपल्या घरातलं कुणी अक्षतांना चुकलं असं कधी झालंय? भोगीच्या दिवशी नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांना तेल घालायला तुझे अण्णा गेले होते, नेहमीसारखे. पण काल मी पातळ नेसून तयार झाले तर ते पायरीवर बसलेले. म्हणाले, "तू जा. ह्याला एकट्याला टाकून कसं जायचं? रडत बसतंय. आन् गर्दीत न्यावं तर ऐकू येत न्हाय, कुणाच्या तरी पायाखाली येईल." मी एकटी गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

तू हीच वेळ धरलीस. घराला कुलूप असेल आणि मोस्यू अंगणात असेल, असा तुझा हिशेब. मी लिहिलं होतं ना, भावासमोर उभा राहून ने. ते टाळायला तू देवाच्या अक्षतांच्या वेळेची वाट बघितलीस. एवढी वाकडी वाट तुझ्या त्या फ्रेंच कुत्र्यालाही सुचली नसती.

मी परत आले, दार उघडं ठेवून आत शिरले. मोस्यू फळीवरून उतरला आणि समोर गुरम्माकाकूंच्या भिंतीशी जो कडुलिंब आहे तिथं गेला. बुंध्याशी नाक लावलं. तिथंच थांबला. मग त्यानं तोंड वर केलं आणि आवाज काढला. सशाच्या मागं काढला होता तो नव्हे. तू बाजारातून परत यायचास तेव्हा काढायचा, तो. वर्षभरात मी तो ऐकला नव्हता. माझ्या हातातलं प्रसादाचं ताट खाली आलं.

मी काही म्हणायच्या आत तो निघाला. नाक भुईला, कान धुळीत, थेट गल्लीबाहेर. तुझे अण्णा अनवाणी त्याच्या मागं. दोरी लावायलाही सुचलं नाही. अक्षतांची गर्दी परतत होती. टांगे, सायकली, जत्रेच्या जादा गाड्या. त्याला घंटा ऐकू येत नाही, शिट्टी ऐकू येत नाही, आणि नाक तर तो वर करत नाही. हे त्याच्या पुढं झाले. दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधून चालत होते, ओरडत, "थांबा! थांबा की! बहिरं हाय ते!" टांगेवाला शिव्या घालत होता. ज्या माणसानं भर पेठेत कधी आवाज चढवला नाही, तो पार्क चौकापासून स्टेशनापर्यंत असा ओरडत गेला. मी मागं राहिले, मला धाप लागली.

मी पोचले तेव्हा मद्रासकडची गाडी कधीच गेली होती. मोस्यू एका बाकाला नाक लावायचा, तिथून फलाटाच्या कडेला जायचा, खाली रुळांकडे बघायचा, परत बाकाकडे. परत कडेला. तुझ्या अण्णांनी चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "व्हय, बसला व्हता की एक जण. उंच होता. कपाळ अगदी तुमच्यासारकं. चहा घेतला आन् पिलाच न्हाय."

हे त्या बाकावर बसले. तू बसला होतास तिथं. मी म्हटलं घरी चला, दिवे लागायची वेळ झाली. ते म्हणाले, "दारापतुर आलता, महानंदा." परत म्हणाले, "दारापतुर आलता."

मोस्यू फलाटाच्या कडेला हनुवटी टेकून आडवा पडला होता, उठायला तयार नाही. मग यांनी त्याला उचललं. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, तू सांगितलं होतंस तसं, पाठ वाकू न देता. स्टेशनापासून घरापर्यंत खाली ठेवला नाही. मी म्हटलं टांगा करू, तर मानेनं नको म्हणाले. त्यांचे पाय खरचटले होते, ते घरी आल्यावर दिसलं.

तू लिंबाखाली उभा राहून काय बघितलंस ते मी सांगू? दुपारची वेळ. वरच्या पायरीवर तुझा भाऊ, कोरड्या डोक्याचा, आणि त्याच्या दोन्ही हातांत त्या कुत्र्याचे दोन कान. वारा आमच्याकडून तुझ्याकडं होता, म्हणून मोस्यूला तुझा वास लागला नाही. नाहीतर तुझी सुटका नव्हती. खिशात दोरी आणली असशील. कुत्रा न्यायला आलास आणि ते बघून तसाच परत गेलास. मला तुझा राग राग येतो आणि तुला कवळून धरावंसंही वाटतं. अरे, रस्ता ओलांडायचा होता फक्त. दहा पावलं नव्हती.

आज सकाळी मोस्यू परत त्या लिंबाखाली जाऊन बसलाय. भाकरी तिथं नेऊन द्यावी लागली. किंक्रांतीला घाणा बंद असतो, पण यांना चैन पडेना. बैलाशिवाय नुसतेच घाण्याभोवती फिरत होते. मी हे पत्र त्यांच्यासमोर काढलं. वर्षात पहिल्यांदा. ते थांबले, म्हणाले, "त्याला लिहितीस?"

मी म्हटलं, "हो. काय लिहू?"

"यंत्र न्हाय म्हंजे न्हाय, हे पयलं लिही."

लिहिलं. ते परत फिरायला लागले. घाण्याला पुरता एक वेढा घालून आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"आन् म्हणावं, परत आलास तर दार वाजीव. कुत्रं बहिरं झालंय. आमी न्हाय झालो."

— महानंदा